भुयारातली ऊब

"हे झरोके बुजव, धर्मा," रामचंद्रपंत म्हणाले आणि छत्रीच्या टोकाने त्यांनी भिंतीतली भोकं दाखवली. "शेठनी मुंबईहून नकाशा पाठवलाय, त्यात एक दार आहे आणि भोक एकही नाही. विलायती दारूला वारा चालत नाही."

धर्मा ओल्या गिलाव्यावर तळहात टेकून उभा होता. "दारूला चालत नसंल, पंत. मान्साला लागतो."

"माणसं राहणार आहेत का इथे? बाटल्या राहणार आहेत."

"त्या आनायला मानूसच उतरंल ना? का बाटल्या आपल्या पायानं वर येतील?"

वर दारापाशी चुन्याचं घमेलं घेऊन उभी असलेली तुळशी फिसकन हसली. पंतांनी तिच्याकडे पाहिलं तशी तिने पदर तोंडाला लावला.

पंत हे शेठच्या नागावच्या वाडीचे दिवाणजी. माणूस वाईट नव्हता, पण शेठचं पत्र आलं की ते दिवसभर छत्री घेऊन कामावर उभे राहायचे. माघात शेठच्या मुलीचं लग्न याच बंगल्यात होतं. दारूच्या चाळीस पेट्या रेवसच्या बोटीने येऊन ओट्यावर पडल्या होत्या. त्यांवर रोज ओली गोणपाटं घालून पंत कंटाळले होते. आणि भुयारातला गिलावा तर सुकत नव्हता.

ही गोष्ट एकोणीसशे चौतीस सालातली. मुंबईच्या शेठ लोकांनी तेव्हा किनाऱ्याला बंगले बांधायला घेतले होते, आणि प्रत्येकाला बंगल्याखाली थंड तळघर हवं असे. ते बांधावं तर तळा गावच्या धर्मा गवंड्यानेच, असं रेवदंड्यापासून मुरुडपर्यंत बोललं जाई. लोक त्याला 'भुयारी धर्मा' म्हणत. त्याला अक्षर येत नव्हतं. नकाशा तो वाळूत काठीने काढायचा. बघणाऱ्यांना नवल वाटे ते एवढंच, की हा बुवा आधी झरोके काढतो आणि मग त्यांच्याभोवती खोली. एक झरोका आतून घोट्याच्या उंचीवर, पण भिंतीतून तिरका वर जाऊन बाहेर भरावात उघडणारा, दुसरा समोरच्या भिंतीत कमानीखाली.

बाकी त्याच्या कामाला बोट लावायला जागा नसे. नागावला पुरुषभर खणलं की पाणी लागतं, म्हणून तो कमरेइतकंच खाली जाई, उरलेलं जमिनीवर बांधून वरून मातीचा जाड भराव घाली. जांभ्याच्या दोन भिंती, मध्ये कोरडी वाळू. बाटल्या आडव्या निजवायला उतरते कोनाडे, म्हणजे बूच ओलं राहतं. लोणी, बटाटे, आंब्याच्या करंड्या यांना पलीकडे वेगळी खोली, कारण आंब्याचा वास बाटलीत शिरतो, असं एका शेठच्या खानसाम्याने त्याला सांगितलं होतं आणि ते त्याने मनात धरलं होतं.

"आतोबा, तुमच्या बाटल्या निजतात आन आमी दिसभर हुब्या!" तुळशी म्हणायची.

"तू बी बाटली व्हय, मंग निजवतो तुला," तो म्हणायचा.

तुळशी ही त्याच्या बायकोच्या भावाची मुलगी. तो भाऊ, बाळाजी, वर आंब्याखाली बसून जांभ्याचे चिरे घडवत असे. दोघं गेली कित्येक वर्षं एकाच कामावर असत, पण चिऱ्याच्या मापापलीकडे त्यांचं बोलणं होत नसे.

कमान मिटली आणि भुयारात काळोख झाला, की धर्माला थापीचा आवाज यायचा. टप्, टप्, टप्. ओल्या चुन्याची जमीन बायका लाकडी थापीने ठोकून बसवतात, तसा. वर सगळ्या बायका भाकरी खात बसलेल्या असायच्या आणि खाली हा एकटा. तो हातातला ओळंबा तसाच धरून थांबायचा. थापी जरा वेळ चालायची, मग हात बदलल्यासारखी थांबायची, मग पुन्हा. ठमी अशीच ठोकायची. उजवा हात भरून आला की डाव्या हाताने. धर्मा त्या कोपऱ्याकडे पाठ करत नसे आणि तिथे बघतही नसे. "व्हय, व्हय," एवढंच म्हणायचा आणि वर यायचा.

ठमी त्याची बायको. आठ वर्षांपूर्वी मुरुडला एका भुयारात गेली. कशी गेली ते सगळ्यांना ठाऊक होतं. पहिली कुदळ मारायच्या आधी जागेवाल्याला, म्हणजे त्या जागेच्या राखणदाराला, नारळ देतात, तो बाळाजीने फोडला होता आणि तो आतून नासका निघाला होता. दुसरा नारळ आणायला गावात जावं लागलं असतं. बाळाजी हसून म्हणाला, "जागेवाला काय खोबरं खाऊन बघतो व्हय?" आणि कुदळ मारली. काम पुरं व्हायच्या आठवड्यात ठमी खाली गेली ती वर आलीच नाही. जागेने आपलं माणूस घेतलं, असं भगताने सांगितलं. भावाच्या हाताने बहीण गेली, असं गाव म्हणालं.

त्या दिवसापासून बाळाजीने कुठल्याच कार्याला हात लावला नाही. तुळशीच्या लग्नात तिचा बाप मांडवाबाहेर बसला. कुणी नारळ पुढे केला की हात पाठीमागे घ्यायचा. लेकीच्या डोक्यावरही तो हात ठेवत नसे.

आणि धर्माला ठाऊक होतं की नारळाचा यात काही संबंध नव्हता.

मुरुडला ती पौषातली सकाळ होती. मालक घाई करत होते, गिलावा ओला होता, म्हणून धर्माने भुयारात कोळशाच्या दोन शेगड्या ठेवून दार लोटून घेतलं होतं. त्या भुयाराला झरोका नव्हता. ठमीला रात्रभर हिव भरलं होतं. तोच तिला म्हणाला होता, "खाली बस जा जरा. उरलेली जमीन ठोक, आन ऊब बी हाय." दुपारी तिला बोलवायला उतरला तर ती भिंतीला टेकून निजल्यासारखी बसलेली. गाल लाल. तिला उचलताना त्याचंच डोकं गरगरलं, पायातलं बळ गेलं, आणि वर वाऱ्यात आल्यावर ते परत आलं. चुन्याच्या भट्टीवरचा म्हातारा मागाहून त्याला म्हणाला होता, कोंडलेला कोळसा माणसाचा श्वास खातो. पण तोवर नारळाची गोष्ट गावभर झाली होती. दहावं झालं की सांगू, असं धर्माने ठरवलं. मग तेरावं झालं की. मग होळी. आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत त्याने अकरा भुयारं बांधली आणि प्रत्येकाला दोन झरोके ठेवले. तोंड मात्र एकदाही उघडलं नाही.

पंतांशी झरोक्यांवरून वाजलं त्याच्या दुसऱ्या दिवशी धर्मा चुना आणायला रेवदंड्याच्या भट्टीवर गेला. गाडी घेऊन परतला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. वाडीत शिरताना त्याला भरावातला खालचा झरोका दिसला नाही. त्यात गोणपाट कोंबून वर माती थापली होती. त्याने वरचा बघितला. तोही तसाच.

"पंत, खाली कोन हाय?"

"अरे, दोन शेगड्या ठेवल्यात. उद्यापर्यंत कोरडं होईल बघ," पंत ओट्यावरून म्हणाले. "तुळशी बसलीये वारा घालायला."

धर्माने बैल तसेच सोडले आणि तो धावला. दार लाथेने उघडलं. आत ऊब होती, मऊ, गोधडीसारखी. तुळशी कोनाड्यांखाली बसली होती, सूप मांडीवर पडलेलं. गाल लाल.

"आतोबा," ती जड जिभेने म्हणाली, "डोस्कं लई जड झालंय. जरा निजू द्या."

त्याने तिला बगलेत धरून पायऱ्यांवरून ओढत वर आणलं, वाळूत टाकलं. परत जाऊन शेगड्या उघड्या हातांनी उचलल्या आणि बाहेर भिरकावल्या. निखारे नारळीच्या आळ्यात पडून चरचरले. तुळशीने भडाभडा ओकारी काढली, मग लांब श्वास घेतला, मग रडायला लागली. जगली होती.

"काय वेड लागलं का तुला?" पंत ओरडले. "हात बघ तुझे!"

बाळाजी चिरा टाकून आला होता. त्याने लेकीला हात लावला नाही. तीन हात लांब उभा राहून तो तिच्याकडे बघत होता.

"उठ, तुळशे," तो म्हणाला. "चल घरला. मी हितं यायलाच नको व्हतं. माजा पाय जितं पडंल तितं ह्येच व्हनार. जागा मला वळखते."

"बाळाजी, थांब."

"न्हाय, दाजी. एक बहीन दिली. आता लेक न्हाय देत. आजपासून मी छिन्नी धरनार न्हाय."

धर्माच्या तळहातांची कातडी सोलली होती. ते त्याने पुढे तसेच धरले होते, दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे. आता गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. पोरगी वाचली होती. बाळाजी घरी गेला असता, आणि जागेचं नाव आणखी एकदा मोठं झालं असतं.

"जागेनं काय केलं न्हाय," तो म्हणाला. "आज बी न्हाय आन तवा बी न्हाय. मुरुडला शेगड्या मी ठेवल्या व्हत्या. दार मी लोटलं. ठमीला हिव व्हतं, तर मीच म्हनलो खाली बस, ऊब हाय. त्या उबेनं गेली ती. तुजा नारळ बरा व्हता का नासका, त्यानं काय बी झालं नसतं."

बाळाजी एक पाऊल पुढे आला.

"तुला कवा कळलं?" बाळाजीने विचारलं.

"त्याच दिशी."

बाळाजीने हातावरची चिऱ्याची धूळ झटकली. मग म्हणाला, "तिनं हाक मारली का?"

"न्हाय. निजली व्हती. तोंडावर काय तरास नव्हता."

"मला वाटायचं, तिनं हाक मारली आसंल. माज्या नावानं. रोज वाटायचं."

पंतांनी चष्मा काढून उपरण्याला पुसला. मग ते भरावाशी गेले, वाकले, आणि छत्रीच्या दांड्याने झरोक्यातलं गोणपाट त्यांनी स्वतः बाहेर ओढलं. "शेठना मी लिहितो," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "सुकेल तेव्हा सुकेल."

बाळाजी विहिरीकडे चालू लागला. लांबच्या गावाहून मरणाची बातमी उशिरा आली, तरी ती कळल्या घडीला माणूस डोक्यावरून अंघोळ करतो. ठमी कशी गेली ते बाळाजीला आज कळलं होतं. बाळाजीने पोहरा सोडला, भरून वर ओढला आणि अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावर ओतला. मग दुसरा. तुळशी उठून हळूहळू त्याच्यापाशी गेली आणि पदराचं टोक धरून उभी राहिली. आठ वर्षांत पहिल्यांदाच त्याने तिच्या डोक्यावर ओला हात ठेवला.

मग त्याने तिसरा पोहरा ओढला. तो मात्र अंगावर घेतला नाही. भाजलेल्या हातांना दोर ओढवला नसता, म्हणून भरलेलाच विहिरीच्या कडेवर ठेवला, दोर गुंडाळून बाजूला केला, आणि लेकीला धरून, निथळत, धर्माकडे न बघता वाडीच्या फाटकाबाहेर निघून गेला.

धर्मा विहिरीशी आला. पोहऱ्यातलं पाणी अजून हलत होतं. ते थांबेपर्यंत तो तिथे उभा राहिला. मग भाजलेल्या हातांनी, एकेक वेढा सोडवत, त्याने डोक्याचं मुंडासं उतरवलं.