फोनच्या पाठीमागची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपडे ठेवायची नव्हे, भजनाची. तुम्ही शाळेत मला हार्मोनियम म्हणता. भिवंडीजवळच्या अंजूर गावात, रंजिताताईंच्या घरात, खिडकीखालच्या स्टुलावर माझी जागा आहे. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण ती तुम्हाला पुढे कळणारच आहे. मी फार जळकी आहे.

जन्मापासून काही मी अशी नव्हते. सागाच्या फळ्या तासून, पितळेच्या बारीक जिभा, म्हणजे माझे सूर, एकेक घासून एका कारागिराने मला घडवलं. पोटात कातड्याचा आणि पुठ्ठ्याचा भाता बसवला. भाता म्हणजे माझी फुप्फुसं. मग गावच्या भजनी मंडळाने मला आणलं. मंडळाचे बुवा दाजी मला पुढ्यात घेऊन बसले, की खाडीकडच्या घरांपर्यंत माझा आवाज जायचा. टेम्पोत बसून मी पडघ्याला गेले, गणेशपुरीला गेले. माणसं म्हणायची, "पेटी लय गोड हाय वो, बुवा!" तेव्हा मला कुणाचा हेवा करायची गरजच नव्हती. सगळे माझाच करायचे.

पुढे मंडळाने नवी पेटी घेतली. दाजींनी मला रंजिताताईंच्या लेकीला, ऋतिकाला, शिकायला दिलं. ती माझं सगळ्यात लाडकं माणूस. माझ्या पट्ट्यांवर बोटं ठेवून ती मोठी झाली. रुसली की माझ्यावर डोकं टेकायची. गणेशपुरीच्या वाटेवर एक मठ आहे, तिथे ती भजन शिकवू लागली, तेव्हाही मीच बरोबर असायचे. मला वाटायचं, हे असंच चालायचं.

पण एक दिवस मठाने तिला मॉरिशसला पाठवायचं ठरवलं. तिकडे फार पूर्वी बोटीतून गेलेली मराठी माणसं आहेत. त्यांच्या मुलांना आता मराठी बोलता येत नाही. त्या मुलांना भजन शिकवायचं, घरोघरी जाऊन देवाचं नाव सांगायचं, हे ऋतिकाचं काम. दोन वर्षं.

आणि तेव्हा ती आली. ती म्हणजे दुसरी पेटी. पुस्तकासारखी मिटणारी, पाठीवर अडकवता येणारी, मखमली पिशवीतली. ऋतिकाने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू जड आहेस गं. विमानात वजन करतात." मित्रांनो, सागाची असणं हा काय माझा दोष?

ती गेली, आणि मला एक नवं काम मिळालं. मठाच्या नियमाप्रमाणे ऋतिका फक्त गुरुवारी घरी फोन करायची. रंजिताताई फोन माझ्या अंगाला टेकवून उभा करायच्या आणि समोर पाटावर बसायच्या. म्हणजे ऋतिकाचा चेहरा त्यांच्याकडे, आणि फोनची पाठ माझ्याकडे! गावाने तिला पाहिलं. मी फक्त ऐकलं.

ऐकून ऐकून मला तिचा दिवस पाठ झाला. सकाळी उठून सभागृह झाडायचं, दिवा लावायचा. मग मठातल्या बरोबरच्या ताईला घेऊन उसाच्या मळ्यांमधल्या रस्त्याने घरोघरी जायचं. कुणी बसा म्हणतं, चहा देतं. कुणी फाटकही उघडत नाही.

"आज पण त्या काकांनी उघडलं नाही," ऋतिका एकदा सांगत होती. "त्यांचं कुत्रं मात्र रोज शेपूट हलवत येतं."

"मग त्यालाच शिकव भजन," रंजिताताई म्हणाल्या. "काकांच्या आधी त्याचा उद्धार व्हईल."

ती हसली. पण मी तिला लहानपणापासून ओळखते. त्या हसण्यात मधेच एक श्वास अडकला होता. संध्याकाळी मुलं यायची, त्यांतली निम्मी फुटबॉल खेळायला पळायची. उरलेल्यांसमोर ती बसायची, आणि मग फोनमधून ऐकू यायचा त्या दुसरीचा आवाज. बारीक, नाकातला. ऋतिकाचं एकटेपण त्या दीडवितीच्या पेटीला कळणार होतं का?

या घरात जळणारी मी एकटी नव्हते, हेही सांगते. ऋतिका तिकडे चंद्रा मावशी नावाच्या बाईंच्या घरी राहायची.

"वेणी कोणी घातली ती?" एका गुरुवारी रंजिताताईंनी विचारलं.

"चंद्रा मावशींनी. तेल पण लावून दिलं."

"कुठला तेल?"

"नारळाचं, आई."

"आपल्याकडे काय नारळ न्हाय?"

"आई!"

"मी काय बोललू? चांगली हायत बाई. लावू दे."

फोन बंद झाल्यावर त्या कितीतरी वेळ पदराने माझं झाकण पुसत राहिल्या. पुसायला तिथे काहीच नव्हतं. त्या क्षणी आम्ही दोघी अगदी सख्ख्या बहिणी होतो.

लेकीची आठवण म्हणून रंजिताताईंनी माझी पूजा सुरू केली. दर गुरुवारी हळद, कुंकू, अक्षता, फूल. धूळ बसू नये म्हणून ऋतिकाचे बाबा, हरेशभाऊ, कामाच्या गोडाऊनमधून प्लास्टिकचा रोल घेऊन आले. मालाचे खोके गुंडाळतात ना, तसं त्यांनी मला करकचून गुंडाळलं. गुरुवारी तेवढं वरचं प्लास्टिक बाजूला करून पूजा व्हायची. शेजारची कुणी वाजवून बघू का म्हणाली, की रंजिताताई म्हणायच्या, "हात नको लावू. ऋतिकाची हाय ती." मला आधी फार बरं वाटलं. देव झाले होते मी! पण देवाला श्वास घ्यावा लागत नाही, मित्रांनो. मला लागतो.

मग तो गुरुवार आला.

"आई, माझी पेटी बसली गं," ऋतिका रडवेली झाली होती. "खाऱ्या हवेने सूर गंजले. आणि उत्सवात मुलं पहिल्यांदा सगळ्यांसमोर गाणार आहेत. मठाची माणसं पुढच्या आठवड्यात इकडे यायला निघतायत. त्यांच्याबरोबर माझी मोठी पेटी पाठवशील? ती कधी दगा देणार नाही."

काय सांगू तुम्हाला! ती बसली, आणि मी जाणार! मला दया यायला हवी होती. आला तो आनंद.

पाठवण्याआधी सूर तपासायला दाजी आले. त्यांनी प्लास्टिक कापलं. आत ओल धरली होती, वास सुटला. त्यांनी भाता ओढला, पट्टी दाबली.

फुस्स.

दुसरी दाबली. ती दाबलेलीच राहिली. दाजींनी माझं झाकण उचललं आणि पट्ट्यांच्या खाली बोट घातलं. बोट लाल झालं.

"ह्यो काय, रंजिता? कुंकू? आन एवढं तांदूळ? एका माणसाचं जेवण व्हईल! त्या तांदळापायी उंदीर शिरला, भाता खाल्लाय त्यानं."

"मी पूजा करत होतू, दाजी," रंजिताताई इतक्या हळू म्हणाल्या, की मलाच जेमतेम ऐकू आलं. "पोरीची वस्तू म्हणून कोणाला हात लावू दिला न्हाय."

"हात लावू दिला असतास तर वाचली असती."

ताई माझ्याजवळ बसून रडल्या. मला रडताही येईना. आतून नुसती हवा जात होती. मठाची माणसं माझ्याशिवाय गेली.

ऋतिका आईला एक शब्दही लावून बोलली नाही. उत्सवात मुलं टाळांवर गायली. ती म्हणाली, दोन ओळी चुकल्या, पण फाटक न उघडणारे काका मागे उभे राहून ऐकत होते. फोनची पाठ माझ्याकडेच होती. मी तेही नुसतं ऐकलं, आणि माझ्याविना गाणाऱ्या त्या टाळांवरही जळले.

भिवंडीतल्या एका कारागिराने मला नवा भाता बसवला. घरी आणल्यावर दाजी म्हणाले, "हिला आता रोज वाजवायला लागेल. न्हायतर परत तेच."

"कोण वाजवील?"

"तू."

"मी? मना काय येतंय?"

"ऋतिकाला तरी काय येत होता?"

रंजिताताईंनी आधी दार लावलं, मग एक पट्टी दाबली. सा. त्यांना हसू आलं. दुसऱ्या दिवशी दोन पट्ट्या. सुरुवातीला भाता ओढायचा विसरायच्या, मग भाता ओढत राहायच्या आणि पट्टी विसरायच्या. दाजी डोक्याला हात लावायचे. पण दुपारची भांडी झाली की त्या येऊन बसायच्याच. आता फोनही भिंतीला टेकवतात, कारण माझ्या झाकणाला उघडं राहायचं असतं. परवाच्या गुरुवारी, ती गेल्यापासून पहिल्यांदा, मी ऋतिकाचा चेहरा पाहिला. वाळली आहे जरा.

"आई, दिवाळीनंतर पुन्हा मठाची माणसं येतायत," ती म्हणाली. "पेटी झाली ना नीट? दे पाठवून."

माझ्या मनात किती दिवस हेच वाक्य होतं! विमान, समुद्र, ऋतिकाची बोटं. रंजिताताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे.

"तुझ्या पेटीचं सूर बदलून घे तिकडं," त्या म्हणाल्या. "ही न्हाय देणार. मी शिकतंय तिच्यावर."

ऋतिका फोनच्या अगदी जवळ आली. मग म्हणाली, "म्हणजे... ती आता तुझी?"

मित्रांनो, तो आवाज मी लगेच ओळखला. इतके दिवस माझ्या पोटात वाजतोय तो. आमची ऋतिका जळत होती! माझ्यावर की आईवर, देव जाणे.

"माझी," रंजिताताई म्हणाल्या आणि भाता ओढला. "ऐक आता. चुकलं तर हसू नको."

चुकलं. ती हसली. मग तिकडून तिने तीच ओळ गाऊन दाखवली, आणि आम्ही दोघी तिच्यामागून गेलो.

म्हणून तुम्हाला एवढंच मागते. तुमच्याही घरी कुणाची तरी आठवण म्हणून जपलेली वस्तू असेल. तिला नुसतं गुंडाळून ठेवू नका. तिच्यापुढे हात जोडण्यापेक्षा तिला हात लावा. वापरलेली वस्तू झिजते, हे खरं. पण न वापरलेली आतून मरते, आणि ते कुणाला दिसतही नाही.

माझा स्वभाव मात्र अजून गेलेला नाही. स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी झाली, की ताई माझ्यावरचे हात उचलून धावतात. त्या कुकरचं मला अजिबात बघवत नाही.