शिए काकांच्या रंध्याचं बेअरिंग

फंगयुआन शहरात लाकूडकामाच्या मशिनी दुरुस्त करणाऱ्या बायका दोनच होत्या. एक मी, आणि दुसरीनं आता नूडल्सचं दुकान टाकलंय. त्यामुळे शिए काकूंचा फोन आला, तेव्हा मीच गेले.

शिए वान-फा काका पूर्वजांच्या पूजेची टेबलं बनवतात. त्यांचं रंध्याचं मशीन एकतीस वर्षांचं.

"किंचाळतंय नुसतं," काकू म्हणाल्या. "शेजारच्यांचा कुत्रा मुक्काम हलवून गेला."

"काही झालेलं नाही," काका म्हणाले. "हिला उगाच आवाज येतात."

मी मशीन चालू केलं. पात्यांच्या रुळाचं बेअरिंग दगड दळल्यासारखं वाजत होतं. मी तसं ओरडून सांगितलं.

"मला तर ऐकू येत नाही."

"तेच तर," काकू तोंड फिरवून म्हणाल्या.

मी रंधलेली फळी उजेडात तिरकी धरून बारीक लाटा दाखवल्या. काका म्हणाले, लाकूडच तसं आहे. बेअरिंग ज्या लोखंडी घरात बसतं, ते तापलं होतं. काका म्हणाले, उन्हाळा आहे. मग मी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक त्या घरावर टेकवलं आणि मूठ पुसून त्यांच्यापुढे धरली.

"दातांत धरा."

"चेष्टा करतेस का, पोरी?"

"धरा तर."

त्यांनी धरली. आवाज दातांतून डोक्यात गेला असावा, कारण भुवया वर चढल्या त्या खाली येईनात. बऱ्याच वेळानं त्यांनी मूठ सोडली. मी मशीन बंद केलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"सहा महिने तरी झाले असतील."

"बेअरिंगचं नाही विचारलं."

काकू पुढे आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "दोन वर्षं."

"मला वाटलं, तू वयानं शांत झालीस."

काकूंनी आत जाऊन चहा टाकला.

मी मेन स्विच काढला, पट्टा उतरवला, पुलर लावून जुनं बेअरिंग ओढलं. गोळ्यांना खड्डे पडले होते, ग्रीस जळून काळं झालं होतं. कडेवर हातोडीचे घाव होते.

"हे कोणी ठोकून बसवलं?"

एवढं मात्र काकांना नीट ऐकू गेलं. ते खिडकीबाहेर बघू लागले.

मी दोन्ही बाजूंची बेअरिंगं बदलली. नवी तापवली की आपोआप सरकून बसतात, ठोकावी लागत नाहीत. काका हातोडी घेऊन शेजारी उभेच होते. मी ती ठेवायला सांगितली. त्यांनी ठेवली, पण हाताशीच.

गुरुवारी काकू त्यांना इस्पितळात घेऊन गेल्या. कानाचं यंत्र मिळालं. शनिवारी काकांचा फोन आला.

"नवं बेअरिंग गेलं. भयंकर आवाज करतंय."

मी गेले, ऐकलं. रंधा झकास चालला होता.

"काका, चांगल्या रंध्याचा आवाज एवढाच असतो."

"एवढा?" त्यांनी मशीन बंद केलं. मग काकूंकडे वळून म्हणाले, "आणि तू हा रोज ऐकत होतीस?"

"हा नाही. याच्यापेक्षा मोठा."

दुपारी ते स्वतः बाजारात जाऊन आवाज अडवायला कानांवर बसवायची गादीची टोपणं घेऊन आले. दोन जोड. आधी एक जोड काकूंच्या डोक्यावर बसवून बघितला, मग मशीन चालू केलं.