पंधराशे आज्ञांचा कौल

हर्णे बंदरात संध्याकाळचा मासळीचा लिलाव सोडून माणसं एका डब्याभोवती जमली, तेव्हाच मी ओळखलं, चमत्कार मोठा असणार. मंडपात यंत्रनाथ महाराज. समोर संगणक, त्याला हार, कळफलकावर हळदकुंकू. देवळात पाकळी उजवीकडून पडली की होकार, डावीकडून पडली की नकार. इथे ‘उजवा’ किंवा ‘डावा’ असा कौल थेट पडद्यावर पडत होता.

“तुमच्या मोबाइलच्या मेंदूला मोजक्याच आज्ञा कळतात,” महाराज म्हणाले. “या यंत्राच्या मेंदूला पंधराशे! एकेक आज्ञा म्हणजे सिद्ध मंत्र. याला न कळणारं उरलं काय?”

गर्दीने आ वासला. आमच्याकडे आकडा मोठा असला की पुढचं कुणी विचारत नाही.

आत्माराम तांडेलाने बायकोला, मथुराला, खुर्चीत बसवून आणलं होतं. शिंगाळा माशाचा काटा लागून तिचं पाऊल सुजलं होतं, काळं पडत चाललं होतं. ‘आजच रत्नागिरीला न्या, नाहीतर पाय जाईल,’ असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

महाराजांनी प्रश्न टंकला, डोळे मिटले, एन्टर दाबलं. डावा कौल!

“दवाखाना नको. सात दिवस माझ्याकडे अनुष्ठान.”

“पप्पा, थांबा जरा.” आत्मारामची लेक ऋतिका पुढे झाली. ती संगणक अभियांत्रिकी शिकते. “महाराज, पंधराशेतली ‘जखम बघ’ ही आज्ञा कुठली?”

“गूढ आहे ते, पोरी.”

“गूढ कसलं? पप्पा, तुम्ही खलाशांना नुसतं ‘जाळं ओढा’ म्हणता. त्यात दोर धरणं, खेचणं, गुंडाळणं सगळं आलं. यंत्राचंही तसंच. मोठी आज्ञा म्हणजे बारीक कामांचं गाठोडं. सोडलं की आत तेच: आकडा उचल, मिळव, ताडून बघ, ठेव. मोबाइल तीच कामं सुटी सुटी करतो. आज्ञा वाढल्या म्हणून अक्कल नाय वाढत!”

“मग कौल देतो कोण गो?” आत्मारामने विचारलं.

आता मला राहवेना. लिलावात टोपल्या मोजायची सवय. इथेही आल्यापासून मोजत होतो. “एकवीस कौल झाले. दवाखान्याचे सहा, सहाही डावे. आणि सहाही वेळा महाराजांनी नेहमीचं मोठं एन्टर सोडून कोपऱ्यातलं, आकड्यांशेजारचं दुसरं एन्टर दाबलं.”

ऋतिकाने कळफलक उचलून आईच्या मांडीवर ठेवला.

“स्त्रीस्पर्श वर्ज्य!” महाराज ओरडले. तोवर मथुराने काही न टंकताच मोठं एन्टर दाबलं. उजवा! कोपऱ्यातलं दाबलं. डावा! परत मोठं. उजवा!

“म्हणजे मेलं प्रश्न वाचतच नाय!”

“नाय आई. कुठलं बटण दाबलं ते बघायचं आणि तसा शब्द दाखवायचा. पंधराशेतल्या पाच-सात आज्ञा पुरतात.”

“विजेचा दाब कमी आहे,” महाराज पुटपुटले.

“इन्व्हर्टर आणू काय?” मागून कुणीतरी विचारलं.

मथुराने नवऱ्याकडे पाहिलं. “गाडी काढा हो. पाय माझा आहे, यंत्राचा नाय.”

तिचं एक बोट गेलं, पाऊल वाचलं. मंडप त्याच रात्री उठला.

यंत्राला पंधराशे आज्ञा कळोत की पन्नास, ते सांगितलेलंच करतं. तेव्हा हार घालण्याआधी एवढं बघा: सांगणारा कोण आहे, आणि त्याचं बोट कुठल्या बटणावर आहे.