वरच्या वस्तीची माणसं

सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय मी तोंडात काही घालत नाही, आणि संध्याकाळी दिवा लावून पाच नावं घेतल्याशिवाय जेवत नाही. पहिलं व्रत माहेरचं, वाईकडचं. तिथे घाटाच्या पायऱ्या उतरल्या की कृष्णामाई, पाण्याचा विचार कधी करावाच लागला नाही. दुसरं व्रत मास्तरांचं. ते त्यांनी मला घालून दिलं.

मास्तर म्हणजे आमचे हे. कवठे महांकाळच्या पुढे, सांगली जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला असलेल्या या गावात ते हायस्कुलात विज्ञान शिकवत. एकाहत्तरच्या आषाढात रेडिओवर बातमी आली. तीन रशियन अंतराळवीर तीन आठवड्यांहून जास्त आभाळात राहून परत आले. यान जमिनीवर नीट उतरलं. दार उघडलं तर तिघेही आपापल्या जागी होते, पण गेलेले. आतली हवा वाटेतच निघून गेली होती. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, "तू दिव्यापाशी इतक्यांची नावं घेतेस, यांचीही घे. एवढ्या लांब गेलेल्यांना कुणीतरी घरातून हाक मारायला हवी."

त्याआधी गेलेले आणखी दोघे होते. अशी पाच नावं झाली. गागारीन, कोमारोव, दोब्रोवोल्स्की, वोल्कोव, पात्सायेव. पहिल्या पहिल्यांदा माझी जीभ अडखळे आणि मास्तर हसत. शाळेतही त्यांनी ती मुलांकडून पाठ करून घेतली. चार नावं स्वतः म्हणायचे, थांबायचे आणि कुणा एकाकडे बोट करायचे. पाचवं त्याने सांगायचं.

पुढच्या माघात मास्तरच गेले. कावीळ झाली होती. मिरजेला नेलं, पण उशीर झाला होता. आम्हाला मूलबाळ नाही. घरात मी आणि रेडिओ उरलो.

गुरुवारी तेवढा जोतीराम येई. मास्तरांचा लाडका विद्यार्थी. मास्तर गेले त्याच वर्षी मॅट्रिक झाला. आला की रेडिओतले सेल काढून उन्हात ठेवायचा, म्हणजे ते आणखी चार दिवस चालत. सेल तापेपर्यंत ओट्यावर बसायचा. मी फार बोलणारी नव्हे, तोही नव्हे. पण "काकू, च्या हाय का?" एवढं कुणी विचारलं तरी घराला घरपण येतं. आठवड्यातला तो एकच दिवस मी दोन कप मांडत असे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. गावाजवळ पाझर तलावाचं सरकारी काम निघालं, आणि सगळं गाव टिकाव-पाटी घेऊन तिकडे गेलं. माझ्याकडून माती उचलवेना, म्हणून मला पाणी वाटायला ठेवलं. डोक्यावर घागर, हातात ओगराळं. जोतीरामला हजेरी लिहायचं काम मिळालं. मुकादम होता नानासो, गावातला वजनदार माणूस. तुळशीला त्या वर्षी मी माझ्या प्यायच्या पाण्यातलं अर्धं फुलपात्र घाली.

चैत्रातल्या एका सकाळी शेजारची झुबेदा कामावरून परत येताना वाटेत भेटली. पाटी रिकामी, पदर डोक्यावरून खाली ओढलेला.

"मास्तरीनबाई, माजं नाव कापलंय. आजून चौगांचं बी. नानासो म्हनतो मस्टर भरलं."

"भरलं असेल गं."

"भरलंय तर मान्सं कुठं हायत? आमी पाच जन घरी, आन तळ्यावर नवीन कुनीच न्हाई. तुमी पानी देताय न्हवं? तुमच्या वगराळ्याला कळत आसंल की."

ओगराळ्याला कळत होतं. पाच तोंडं कमी झाली होती आणि वाढलं कुणीच नव्हतं. झुबेदाच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू आणि दोन लेकरं. नवरा मोहिद्दीन कुपवाडला काम शोधायला गेला, त्याचा पत्ता नव्हता.

दुपारी जोतीराम खड्ड्यांची मापं घ्यायला गेला. हजेरीपट दगडाखाली ठेवला होता. मी पाणी द्यायच्या निमित्ताने वाकले आणि वाचलं. शेवटची पाच नावं ताज्या शाईची होती. युवराज गागरे. लादू कोमारे. गोरजी दोबरे. वलभा वोलके. विठू पातसे.

पहिल्या दोन नावांना मला काही वाटलं नाही. तिसऱ्याला ओगराळं हातातून सुटलं.

नानासो मागेच उभा होता. "काय वाचताय?"

"ही माणसं कुठली?" मी विचारलं.

"वरच्या वस्तीची हायत. येत्यात, जात्यात. तुमी आपलं पानी वाटा."

वरचीच होती ती. पण मी गप्प राहिले. गप्प राहण्याची मला सवय आहे, आणि लोक त्याला चांगुलपणा म्हणतात.

गुरुवारी जोतीराम आला. सेल उन्हात ठेवले. मी चहा दिला आणि विचारलं, "ती नावं तू घातलीस?"

त्याने कप खाली ठेवला. "नानासो म्हनला, पाच नावं घाल, न्हाईतर तुजं बी कापतो. मेलेल्यांची घालू नको म्हनला, त्यांची पोरं वळखत्यात. जित्यांची घालावीत तर ती उद्या पगाराला दारात येत्यात. मग कुनाची घालू, काकू? मास्तरांनी शिकवल्याली तेवढीच उरली हुती. ती काय पगार मागायला येनार न्हाईत."

"झुबेदा आली होती."

"म्हाईत हाय."

"काढून टाक."

"काढली तर घरात चूल पेटत न्हाई. आई हाय, दोन भनी हायत." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाकीची पोरं इसरली, आता ह्या गावात ती नावं मला आन तुमालाच म्हाईत. तुमी तर कुनाशी बोलत बी न्हाई."

सेल तापले तसे त्याने ते रेडिओत बसवले आणि गेला. अर्धा चहा तसाच राहिला.

संध्याकाळी दिव्यापाशी बसले. गागारीन म्हटलं आणि पुढे जाईना. ज्यांना रोज हाक मारते त्यांच्या नावावर दुसऱ्याची भाकरी जात होती, आणि ते ठाऊक असणारी मी तुपाची वात लावून बसले होते. त्या रात्री मी जेवले नाही. जेवायचा हक्कच वाटेना.

सकाळी झुबेदाला म्हटलं, "अर्ज करू या."

"कुनाला?"

"सांगलीला, साहेबांना."

"आवं, तुमी लिवनार? नानासो तुमचं पानी बंद करंल."

"मला लागतं किती पाणी," मी म्हटलं, तर झुबेदा हसली. कितीतरी दिवसांनी.

अर्जाखाली कामावरून काढलेल्या पाच जणांचे अंगठे आणि माझी सही. बाकी कुणी हात लावला नाही. कुणी म्हणे शेतात जायचंय, कुणी म्हणे अंगठ्याला शाई लागत नाही. नावं मात्र मी अर्जात लिहिली नाहीत. माणसं कामावर दिसत नाहीत, एवढंच लिहिलं. जोतीरामला अजून वाट मोकळी राहावी असं मनात होतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी तो आला नाही. मांडलेला दुसरा कप मी उचलून ठेवला.

पंधरा दिवसांनी जीप आली. चौकशी शाळेत ठेवली. मास्तर गेल्यापासून मी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी ठोकलेला नकाशाचा खिळा तसाच होता. साहेब टेबलापाशी, नानासो खुर्चीवर, आणि जोतीराम भिंतीला टेकून उभा. तो वर्गात बसे त्याच बाजूला.

"नाव सांगा, बाई. पूर्ण."

मी खाली बघितलं. यांचं नाव आजवर तोंडाने घेतलेलं नाही. झुबेदाने दारातून ते सांगितलं, आणि "लिवा" असंही सांगितलं. साहेब जरासे हसले.

"तुमचं म्हणणं, ही पाच माणसं नाहीतच?"

नानासो म्हणाला, "साहेब, वरच्या वस्तीची मान्सं. पोटाच्या मागं गेली, कुठं शोधनार? आन ह्या बाई देवभोळ्या. घरातनं भाईर पडत न्हाईत, ह्यांना मानूस काय म्हाईत."

"मला माहीत आहेत ती," मी म्हटलं.

साहेबांनी मान वर केली. माझा आवाज तिथवर पोचला याचं मलाच नवल वाटलं.

"मग आहेत म्हणता?"

"होती. ती मेली. त्यांची नावं मी रोज दिव्यापाशी घेते. आभाळात गेलेली रशियाची माणसं. मास्तर इथेच शिकवायचे." साहेब हजेरीपटावर बोट ठेवून बघत होते. मी सुरुवात केली. "गागारीन. कोमारोव. दोब्रोवोल्स्की. वोल्कोव."

इथे माझा गळा सुकला. संकष्टी होती, सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. नाव ओठांवर होतं, आवाज नव्हता. मी जोतीरामकडे बघितलं. का बघितलं ते देवाला माहीत.

तो भिंतीपासून सुटून सरळ उभा राहिला. दोन्ही हात अंगाशी धरले.

"पात्सायेव," तो म्हणाला.

नानासोने मान वळवली, पण उशीर झाला होता. साहेबांनी बोट शेवटच्या ओळीवर नेलं, विठू पातसे वाचलं, आणि पेनाचं टोपण काढलं.

झुबेदा सोमवारी कामावर आली. पाचही जण आले. नानासोला दुसरीकडच्या कामावर पाठवलं, तिथेही तो मुकादमच आहे म्हणे. जोतीरामचं काम गेलं. त्याने साहेबांना सगळं लिहून दिलं, नानासोच्या नावासकट, आणि आई-बहिणींना मामाकडे पोचवून तो कुठेतरी निघून गेला. कुणी सातारा म्हणतं, कुणी मुंबई.

झुबेदाला वाटतं, पोरगं बोलता बोलता फसलं. "साळंतली सवय वाईट," म्हणते. पण तो उभा कसा राहिला ते तिने दारातून पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं.

रेडिओचे सेल मी आता स्वतःच उन्हात ठेवते. पण कितीही तापले तरी ते चालत नाहीत, संपले आहेत. गुरुवारी कप एकच असतो. झुबेदा कधी ओट्यावर टेकते, पण तिला घाई असते, आणि तेच बरं आहे.

संध्याकाळी दिवा लावते. चार नावं घेते. चौथ्यानंतर आपोआप थांबायला होतं. घरात कुणी पुढचं सांगत नाही.

मग मीच सांगते, आणि जेवायला बसते.