माझ्याजवळ फक्त पत्ते आहेत

मी संगणकातला व्हिडिओ प्लेअर बोलतोय. इतकी वर्षं दोन ओळींची सूचना दाखवण्यापलीकडे मला तोंड नव्हतं. आणि ती तरी वाचतो कोण? दिसली की ‘ओके’ दाबून मोकळे!

अतुलने मला पेनड्राइव्हमधून सिहोऱ्याला आणलं आणि वडिलांच्या जुन्या संगणकात बसवलं. वडील म्हणजे हिरालालजी, निवृत्त पोस्टमन. अतुल वरठीला कारखान्यात नोकरी करतो, रविवारी घरी येतो. आई, धुरपताबाई, वारल्यावर तिचे मोबाइलमधले एकशे बारा व्हिडिओ त्याने एका फोल्डरात ओतले. नावं म्हणजे नुसते आकडे. काही आडवे, काही उलटे. आवाज आला नाही की शिव्या मला. माइकवर बोट ठेवून शूटिंग करणारा नामानिराळा!

हिरालालजी मात्र कामाला लागले. टपाल लावायची सवय हाडात मुरलेली. रोज सकाळी चहा घेऊन बसायचे, एकेक व्हिडिओ पाहायचे आणि गावांप्रमाणे लावायचे. बपेऱ्याचं लग्न, वरठीचं बारसं, सिहोऱ्याची भाताची रोवणी. महिनाभर खपून त्यांनी माझ्यात एक यादी केली आणि तिला नाव दिलं ‘धुरपता’. एकदा क्लिक केलं की बाई क्रमाने येत, हसत, रागावत. मलाही ते काम आवडू लागलं होतं.

पण यादीत व्हिडिओ नसतात हो! कुठला व्हिडिओ कुठे ठेवलाय, त्याचे नुसते पत्ते असतात. जन्मभर पत्ते वाचून घरं शोधलेल्या माणसाला एवढं कळू नये, याचा मला आजही संताप येतो.

एका रविवारी संगणक भरला. अतुल म्हणाला, “बाबा, हे मोबाइलवालं फोल्डर कायले ठेवलं? जागा खाऊन राहिलं.”

“काढून टाक. मी समदं त्या प्लेअरमंदी भरून ठेवलो.”

“पक्कं ना?”

“यादी दिसून नाही राहिली का तुले?”

मला ओरडायचं होतं, पण यासाठीची सूचना मला कुणी शिकवलेलीच नव्हती. अतुलने सगळं कायमचं पुसलं. एकशे अकरा गेले, एक जाईना. हिरालालजींनी तो सकाळी अर्ध्यात थांबवून ठेवला होता आणि उघडी फाइल मी सोडत नाही. “हा काहून अडून राहिला?” म्हणत अतुलने वैतागून तो वगळला.

सोमवारी हिरालालजींनी यादी उघडली. फाइल सापडली नाही. पुढची? सापडली नाही. मीच सांगत होतो आणि मलाच ऐकवत नव्हतं. “याच्यातच भरलो होतो. देऊन नाही राहिला, बदमाश!” त्यांनी टेबलावर हात आपटला. मोबाइल केव्हाच विकलेला. तुमसरच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात नेऊनही पुसलेलं काही परत आलं नाही.

बाबांनो, पुसण्याआधी यादीतलं एखादं नाव खरंच कुठे आहे ते पाहत जा. माझ्यावर भिस्त ठेवू नका.

उरला तो व्हिडिओ नऊ सेकंदांचा आहे. भाताच्या बांधीतल्या चिखलात रोवणीसाठी वाकलेल्या धुरपताबाई कंबर सरळ करतात, मागे वळतात आणि म्हणतात, “बस झालं ना जी! बंद करा ना आता.”

हिरालालजी बंद करत नाहीत. पुन्हा पहिल्या सेकंदावर नेतात.