अकराच्या दिशेला दोन मासे

“चपला काढून हातात घे. मासे पावलांचा आवाज ऐकतात,” होडीत पाय ठेवण्याआधीच नवऱ्याने मला दटावलं. “आणि तू तर घरातसुद्धा फरशी पुसत असल्यासारखी चालतेस.”

माझं चपला फरफटत चालणं हा आमच्या संसारातला सगळ्यात जुना तंटा. तो पाहुण्यांसमोर उकरायची काही गरज नव्हती. पण लाकडी धक्क्याची मधली फळी निघालेली, ती कशीबशी ओलांडून आल्यावर भांडायचं त्राण उरलं नव्हतं. मी चपला काढून हातात घेतल्या.

होडीच्या पुढच्या टोकाला सेनापती उभा होता. हे नाव मी ठेवलेलं. दरवर्षी तो आठ जणांची टोळी घेऊन आमच्या समुद्रकाठच्या लॉजवर मासे धरायला येतो. आठही जणांचे शर्ट एका रंगाचे, पाठीवर माशाचं चित्र आणि अंगभर खिसे. लॉजच्या धुण्याच्या खोलीत ते खिसे उलटे करायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून खात्रीने सांगते, त्यांत काही नसतं.

यांच्या मासेमारीची तऱ्हा तर विचारूच नका. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी गळाला बांधायची, चाबकासारखी दोरी हवेत फिरवायची आणि गुडघाभर पाण्यात हिंडणाऱ्या माशाच्या तोंडापुढे ती टाकायची. मासा लागला की त्याला तान्ह्या बाळासारखं हातावर घेऊन फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. वर चेहरा असा, की जणू त्याला जन्मच यांनी दिला. जेवायला मात्र मासा लागतो, तो आमच्या आचाऱ्याने बाजारातून आणायचा. माझी आई असती तर म्हणाली असती, भूक नाही, धंदा नाही, मग त्या मुक्या जिवाला हाक कशाला मारलीत?

हा मासा असतो पाण्याच्याच रंगाचा. तो दिसायला नजर लागते, आणि ती नजर माझ्या नवऱ्याची. होडीच्या मागच्या टोकाला उंच मचाण असतं. त्यावर उभं राहून तो लांब बांबूने होडी ढकलतो आणि मासा दिसला की घड्याळावरून दिशा सांगतो. होडीचं नाक म्हणजे बारा. अर्धं आयुष्य त्याने त्या मचाणावर काढलं. पाहुणे त्याला उस्ताद म्हणतात.

मी होडीत असायचं कारण सेनापतीची बायको. ती यंदा पहिल्यांदाच आलेली. “एवढ्या उन्हात या दोघांकडे बघत मी एकटी बसणार नाही,” म्हणाली. मग मॅनेजरबाईंनी मला डब्याबरोबर पाठवून दिलं.

“साहेब, अकरा वाजता. दोन मासे. सावकाश येतायत,” नवरा हलक्या आवाजात म्हणाला.

सेनापतीने आधी पोट आत घेतलं, मग दोरी फिरवायला सुरुवात केली. मीही अकराच्या दिशेला पाहिलं. खाली पांढरी वाळू, मध्ये शेवाळाचा एक पट्टा. मासा सोडा, त्याची सावलीही नव्हती.

“दिसले ना साहेब?”

“म्हणजे काय. पुढचा चांगलाच मोठा आहे.”

माशी पाण्यात पडली. दोरी तशीच सैल तरंगत राहिली. मग नवरा म्हणाला, “बुजले साहेब. गेले.”

“हुशार जात,” सेनापती घाम पुसत म्हणाला. “जाताना शेपटी कशी मारली त्याने. पाहिलीस ना गं?”

“मला काहीच दिसलं नाही,” बायको म्हणाली.

“त्याला नजर लागते.”

मग दोनच्या दिशेला एक आला, दहाच्या दिशेला तीन आले. एकदाही तिथे काही नव्हतं. आधी मला हसू फुटलं. वाटलं, नवरा या शहाण्याची फिरकी घेतोय. पण मागे वळून पाहिलं, तर त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान तिरकी करून तो डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी धुंडत होता.

ही तिरकी मान माझ्या ओळखीची होती. कितीतरी दिवस तो घरी माझ्याशी असाच मान वळवून बोलत होता. मला वाटलं, रुसलाय. मीही उलट रुसून दाखवलं होतं.

आता सगळा उलगडा झाला. याला मासा दिसत नव्हता, म्हणून अंदाजाने सांगत होता. आणि साहेबांना तर कधीच दिसला नव्हता, पण उस्तादाला दिसलेला मासा आपल्याला दिसत नाही, हे कबूल कोण करणार? आठांतला एकही नाही. अधूनमधून एखादा आंधळा मासा आपणहून गळाला लागायचा, तेवढ्यावर दोन्हीकडची अब्रू झाकली जायची.

तेवढ्यात खराच मासा आला. उजव्या अंगाला, तिनाच्या बाजूने, हात लावता येईल इतक्या जवळून. पाठ राखाडी, शेपटी हलकेच हलवत, कुणाचं देणं लागत नसल्यासारखा. त्याच वेळी नवरा म्हणत होता, “नऊ वाजता, साहेब,” आणि सेनापती नऊच्या दिशेला माशी फेकत होता.

सेनापतीच्या बायकोलाही तो दिसला. तिने बोट उचललं, तोंड उघडलं. मी फक्त तिच्याकडे पाहिलं. तिने मागे मचाणाकडे पाहिलं, पुढे स्वतःच्या नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं, आणि उचललेल्या हाताने डब्यातलं संत्रं घेतलं. सोलून अर्धं मला दिलं.

“आमच्या घरीही असंच चालतं,” ती कुजबुजली. “बाजूने काय जातंय ते मी बघते, हे नेम धरतात.”

आम्ही दोघींनी संत्रं खाल्लं. मासा निवांत निघून गेला.

दुपारी होडी वाळूच्या पट्ट्याला लावली. पाहुणे छत्रीखाली जेवायला बसले. नवरा होडीच्या आडोशाला येऊन बसला.

“मघाशी उजवीकडून एक गेला ना? मोठा?”

“तुम्हाला दिसला?”

“नाही. तुम्ही दोघी एकदम गप्प झालात.”

मी डबा उघडला, बंद केला. “त्या दिवशी दाढ दाखवायला गेला होतात...”

“दाढ नव्हती ती.”

“मग मी आठवडाभर सगळं मऊ करून वाढलं ते?”

“चांगलं होतं की. खाल्लं ना सगळं?”

“डॉक्टर काय म्हणाला, ते सांगा.”

“मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता म्हणाला. हे आतल्या पडद्याचं आहे. मधलं जातं, कडेचं राहतं.” त्याने मान वळवली. “तुझा चेहरा सोडून बाकीची तू दिसतेस.”

“म्हणजे कान दिसतात.”

“दिसतात. वाढलेत जरा.”

मी पदराने, डोळ्यात वाळू गेली असं दाखवत, तोंड पुसलं. “आज संध्याकाळीच मॅनेजरबाईंना सांगून टाका. मचाणावरून पडलात म्हणजे?”

“सांगणारच आहे. उद्या सकाळी ही टोळी गेली की माझ्या तोंडाने सांगेन आणि बांबू ठेवून देईन. पण यांच्यासमोर नको.” त्याने छत्रीच्या दिशेला हनुवटी उडवली. “यांना कळलं तर मला हातावर घेऊन फोटो काढतील, आणि सोडून देतील.”

मी डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला.

सूर्य बुडायच्या बेताला सगळ्या होड्या परतल्या. टोळीची ती शेवटची संध्याकाळ, म्हणजे धक्क्यावर भाषण आलंच. आठही जण हातात पेले घेऊन उभे. सेनापतीने नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकला.

“मित्रांनो, आज मी एकही मासा धरला नाही. पण जे मासे मी पाहिले, ते या माणसाच्या डोळ्यांनी पाहिले. असे डोळे या समुद्रावर दुसरे नाहीत.” हे बोलताना त्याचा गळा भरून आला. स्वतःच्या भाषणाने गळा भरून येणारी माणसं मी बरीच धुतली आहेत. त्यांच्या शर्टांना कॉलरपाशी जास्त साबण लागतो.

मग त्याने स्वतःचा भारीतला काळा चष्मा काढला आणि नवऱ्याच्या डोळ्यांवर चढवला. “या डोळ्यांनाच शोभतो हा. आता कसं दिसतंय, उस्ताद?”

संध्याकाळचा उजेड, त्यावर तो काळाकुट्ट चष्मा. कडेचं जे काही दिसत होतं तेही गेलं असणार.

“एकदम स्वच्छ, साहेब,” नवरा म्हणाला.

टाळ्या झाल्या. सेनापतीची बायको टाळ्या वाजवत नव्हती. ती धक्क्याकडे पाहत होती. जमिनीपर्यंत लांबच लांब फळ्या, दोन्ही बाजूंना पाणी, मधली फळी नाही. आणि आठ जण उस्तादाला जाताना बघायला उभे. चष्मा काढला असता तर साहेबांचा अपमान, आणि हात पुढे करून चाचपडलं असतं तर सगळंच उघडं.

मी हातातल्या चपला खाली टाकल्या, पायात घातल्या आणि त्याच्या पुढे झाले.

“चला, घरी कामं पडलीत,” म्हटलं, आणि चालू लागले. चपला फरफटत, फळीन्‌फळी घासत, मुद्दाम. मागे त्याची पावलं नेमकी माझ्या आवाजावर पडत होती. मधल्या फळीपाशी मी थांबले, चप्पल एकदा आपटली आणि लांब पाय टाकून पलीकडे गेले. मागचं पाऊल थांबलं, मग लांब पडलं.

“चाल बघा उस्तादाची,” मागून कुणीतरी म्हणालं. “काय ऐट आहे.”

पाय उचलून चाल, असं तो एकदाही म्हणाला नाही. वाळू लागली, चपलांचा आवाज बसला, तशी मी बोलायला सुरुवात केली. काय बोलले ते आठवत नाही. घर येईपर्यंत बोलत होते.