फिरतं झाकण

किल्ली फिरत होती, पेट्रोलच्या टाकीचं झाकणही फिरत होतं, उघडत मात्र काही नव्हतं. पेट्रोल पंपावर तिच्या मागे सहा गाड्या खोळंबल्या होत्या. पंपावरच्या माणसाने दोनदा जोर लावून पाहिला, हात झटकले आणि म्हणाला, "ताई, आतून काहीतरी गेलंय. गाडी जरा बाजूला घ्या." बाजूला घ्या म्हणे. गेली चार वर्षं ती स्वतःला बाजूलाच घेत आली होती. काटा लाल रेघेवर टेकलेला, तशीच जीव मुठीत धरून तिने गाडी घरी आणली.

गाडी जुनी, अठरा वर्षांची. एकदा कुणीतरी नळी घालून टाकी रिकामी केली, तेव्हा वडिलांनी हे किल्लीचं झाकण बसवलं होतं. वडील कुलूपवाले. बेचाळीस वर्षं लोकांची कुलपं दुरुस्त केली, आणि आता न्हाणीघराचं दार कुठलं तेही आठवत नव्हतं. कुलूप नीट लागलंय का हे बघायची खोड मात्र गेली नव्हती. दिवसातून वीस वेळा अंगणात जायचं, झाकणाला किल्ली लावायची, उघडायचं, लावायचं, परत ओढून बघायचं. किल्ली लपवली की ते अख्खं घर डोक्यावर घेत. शेवटी तिनेच ती त्यांच्या हातात दिली. तेवढ्या वेळात निदान एक कप चहा गरम पिता यायचा. त्या चहापायी झाकणाने मान टाकली होती, आणि तीही नेमकी आज.

कारण शहराच्या दुसऱ्या टोकाला, अशा आठवण गेलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या निवासात, नऊ महिन्यांनी एक खाट रिकामी झाली होती. पाच वाजेपर्यंत माणूस पोचला नाही तर ती यादीतल्या पुढच्याला जाणार. परक्या गाडीत वडील बसत नसत. मागे एकदा बसवलं, तर भर रस्त्यात दार उघडून उतरायला निघाले होते. गॅरेजवाला फोनवर म्हणाला, गुरुवारी बघू. परगावचा भाऊ म्हणाला, "तू शांत राहा, निघेल काहीतरी मार्ग." त्याचं काय जातंय शांत राहायला? अडीच वाजले होते.

ती स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीपाशी उकिडवी बसली आणि झाकणाच्या कडेला टोचू लागली. दोनदा हात निसटला. गाडीचा रंग खरवडला, अंगठ्याचं सालटं निघालं. रडायलाही कंटाळा आला होता.

"बाई, असं नाही करायचं. सरका बघू."

वडील मागे उभे होते. तपासणीला जायचंय असं सांगून सकाळी तिनेच त्यांना घातलेला इस्त्रीचा शर्ट अंगावर होता. तिला ते गिऱ्हाईक समजत होते, हे तिच्या लगेच ध्यानात आलं. हल्ली ती कधी नर्स असे, कधी शेजारीण, कधी नुसतीच कोणीतरी. ती मुकाट्याने सरकली.

त्यांनी किल्ली घातली, झाकणाशी कान नेला आणि सावकाश फिरवली. "आतली जीभ तुटलीय. किल्ली फिरली की ही जीभ वरच्या टोपणाला आतल्या भागाशी जोडते. आता दोघांचा एकमेकांशी संबंधच नाही. कुणी एवढं पिळलंय हो हे?"

"आहे घरातलं एक माणूस," ती म्हणाली.

"त्याच्या हातात किल्ली देऊ नका."

त्यांनी फडकं ओलं करून मागितलं. पेट्रोलजवळ ठिणगी नको, म्हणाले. स्क्रूड्रायव्हरला ते गुंडाळून त्यांनी टोपणाची कड चारी बाजूंनी थोडी थोडी उचकली. टोपण अलगद हातात आलं. खालचा भाग पकडीत धरून फिरवला आणि टाकी उघडली. पेट्रोलचा वास आला. तिला एकदम मोकळं वाटलं, आणि त्या मोकळेपणाची लाजही वाटली.

टाकीच्या तोंडात फडकं कोंबून ते झाकण घेऊन पायरीवर बसले. "फळीवरचा तिसरा डबा आणा. त्यात बारके स्क्रू आहेत. आणि हाताचं गिरमिट." तिसऱ्या डब्यात बारकेच स्क्रू होते. स्वतःच्या मुलीचं नाव गेलं, डबा राहिला. तिला त्या डब्याचा राग आला.

टोपण परत वर बसवून गिरमिटाने त्यांनी त्यातून आतल्या भागापर्यंत दोन भोकं पाडली. बोटं जराही थरथरत नव्हती. "हे आता कुलूप राहणार नाही, नुसतं झाकण. पण उघडेल," ते म्हणाले. "निघालात कुठे एवढ्या घाईने?"

खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं. "वडिलांना सोडायला. एक निवास आहे, आता तिथेच राहतील."

"घरात दुसरं कुणी नाही?"

"मीच."

"झोप होते का?"

"नाही."

"तोंडावर दिसतंय." त्यांनी पहिला स्क्रू आवळला. "त्यांना सांगितलंत?"

"तपासणीला नेते म्हणून सांगितलंय."

त्यांचा हात थांबला. "हे काही बरं नाही केलंत, बाई. मी किती लोकांची कपाटं उघडली असतील, पण मालकाला विचारल्याशिवाय एका कुलपाला हात लावला नाही. सांगून न्या. शिव्या देतील, देऊ देत."

त्यांनी दुसरा स्क्रू आवळला. मग ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. "बाबा, ते वडील म्हणजे तुम्ही. मी तुमची मुलगी. माझ्याच्याने आता होत नाही हो."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग हातातल्या झाकणाकडे.

"तो मी होय," ते म्हणाले.

झाकण त्यांनी स्वतःच टाकीवर लावलं, हात पुसले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. पट्टा काही त्यांना लावता येईना. ती लावायला वाकली, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "दमलीस गं." चार वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. ती तिथेच, पट्टा हातात धरून, पोटभर रडली.

गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा त्यांनी खुशीत विचारलं, "कुठे निघालो आपण?"

तपासणीला, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. तिने पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी ते म्हणाले, "मला नको तिकडे."

पंपावर पेट्रोल भरून झालं आणि त्यांनी परत विचारलं. तिने परत सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी नुसती तिची बाही धरली. पुढे सगळा रस्ता सोडली नाही. ती गिअर बदलायची तेव्हा त्यांचा हातही तिच्या हाताबरोबर पुढे-मागे जायचा. पाचला दहा मिनिटं कमी असताना ती निवासाच्या फाटकातून आत शिरली.